वकील समजून ८२,२०० रुपये दिले, दावा दाखलच नव्हता

सातबाऱ्यावर भावाने स्वतःचं एकट्याचं नाव लावून घेतलं आणि हक्कसोडपत्रावर सही कर म्हणून मागे लागला. मी नाही म्हटलं. मग गावातून कळलं की गिऱ्हाईक ठरलंय, विसार घेतलाय, महिन्याभरात खरेदीखत होणार. अशा वेळी माणूस वकील कसा शोधतो? मी पुण्यात, जमीन सातारा जिल्ह्यात. तहसीलबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं, "ताई, आमचे वकीलसाहेब आहेत, मनाई हुकूम आणण्यात हातखंडा." कोर्टासमोर खोली, दारावर पाटी, खुंटीला काळा कोट, भिंतीला लाल पुस्तकांची रांग. यापुढे काय तपासायचं असतं हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. वकिलाला जाहिरात करायला आणि दलाल ठेवायला बंदी आहे, हेही मला नंतर कळलं. जो माणूस तुम्हाला वकिलाच्या दारापर्यंत सोडायला येतो, त्याचं कमिशन तुमच्या फीमधून जातं.

पहिल्या भेटीला मी पिशवीभर कागद नेले होते: सातबारा, आठ-अ, फेरफार, वडिलांचा मृत्यूदाखला, आजोबांच्या वेळचं मूळ वाटणीपत्र. या वकीलसाहेबाने पिशवी उघडली नाही. उघडलीच नाही! हात वर ठेवून म्हणाला, "काम झालंच समजा. २००५च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच हिस्सा, सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये शिक्का मारलाय." हे दोन्ही खरं आहे. म्हणून तर फसले. ज्याला कायदा तोंडपाठ तो खोटा कसा असेल, असं वाटलं. वडील कधी गेले, जमीन वडिलोपार्जित की त्यांनी घेतलेली, बहिणी किती, आधी कधी वाटप झालंय का, यातलं एक अक्षर त्याने विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "गुंठ्याला भाव काय चाललाय?"

पैसे असे गेले. सल्ल्याचे १,००० रोख. वकिली फीचा पहिला हप्ता २५,००० फोनवरून (स्क्रीनवर दुसऱ्याच माणसाचं नाव आलं; "भाच्याचं खातं आहे, इन्कम टॅक्सचं लफडं नको"). कोर्ट फी म्हणून ४१,२०० रोख. आणि मनाई लवकर लागावी, वरपर्यंत पोचवायचे म्हणून १५,००० रोख. या शेवटच्या रकमेवरून कोणाला नावं ठेवायची असतील त्यांनी खुशाल ठेवावीत. तिकडे खरेदीखताचा मसुदा तयार असताना तत्त्वं सांगणारे सगळे लांबून सांगत असतात.

कोर्ट फीची गोष्ट मात्र अजून डोक्यात भणभणते. शेतजमिनीच्या वाटपाच्या दाव्यात कोर्ट फी बाजारभावावर नसते. सातबाऱ्यावर जो आकार, म्हणजे जमिनीचा सरकारी सारा, छापलेला असतो, रुपयांत नि पैशांत, त्याच्या पटीत मूल्यांकन होतं. माझ्या जमिनीचा आकार काही रुपये आहे. तो आकडा त्या न उघडलेल्या पिशवीतच होता. ४१,२०० कसले? पावती मागितली तर म्हणाला, "स्टॅम्प दाव्याला लागतो ताई, पावती कसली?"

मग तारीख. त्याने कागदाच्या कपट्यावर दावा नंबर आणि निशाणी ५च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जाच्या सुनावणीची तारीख लिहून दिली. घरी कालनिर्णयवर गोल करायला गेले तर दुसरा शनिवार. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुटी असते, हे माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "शनिवारी कसलं कोर्ट?" मी फोन केला. तिकडून शांत उत्तर: "त्या दिवशी लोकअदालत आहे, आपलं तिथेच उरकतो." आणि खरंच, राष्ट्रीय लोकअदालत बहुतेक वेळा दुसऱ्या शनिवारीच भरते, मी वर्तमानपत्रात वाचलेलं. मी नवऱ्यावरच डाफरले, तुला काय कळतं म्हणून. लोकअदालतीत दोन्ही बाजूंची तडजोड होते. विरोधकाला नोटीससुद्धा गेलेली नसताना तिथे मनाई कुठून मिळणार? त्या संध्याकाळी एवढा एक प्रश्न कोणी घरात विचारला असता तर १५,००० तरी वाचले असते, ते मी त्यानंतर दिलेत.

दावा दाखल झाला की सोळा अक्षरी-अंकी सीएनआर नंबर पडतो. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तो टाका, सगळं दिसतं. मला दिलेला नंबर भाचीने अ‍ॅपवर शोधला तर निघाला कोणाचा तरी चेक बाउन्सचा खटला. तोवर खरेदीखत झालेलं होतं.

आणि दाव्यावर, त्याखालच्या पडताळणीवर वादीची सही लागते. मी फक्त वकीलपत्रावर सही केली होती. दावा न वाचता, न सही करता "दाखल केलाय" असं कोणी म्हणालं तर तो खोटं बोलतोय, विषय संपला.

आता आपली व्यवस्था बघा. वकिलांच्या संघटनेत गेले: "हा आमचा सभासदच नाही. पूर्वी एका वकिलाकडे कारकून होता. आम्ही काय करणार?" म्हणजे कोर्टासमोर पाटी लावून बसलाय, सगळ्यांना माहीत आहे, आणि काय करणार! बार कौन्सिलकडे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली तक्रार होते ती सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, असलेल्या वकिलाची, याला सनदच नाही. ग्राहक आयोग म्हणावं तर १४ मे २०२४ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. आणि हा तर वकीलही नाही. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार मान वर न करता म्हणाला, "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." अहो, कोर्टात जायचे म्हणूनच तर पैसे दिले! सनद नसताना वकिली करणं हा त्याच अ‍ॅक्टच्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, हे मी त्याला सांगितलं तर त्याने माझ्याकडेच असं पाहिलं की मीच काहीतरी चोरलंय. वरून, "रोख दिल्याचा पुरावा काय? आणि ते १५,००० कशासाठी दिले ते लिहून द्या, म्हणजे तुमच्यावरही बघू." २५,००० सोडून बाकीचे त्यांच्या लेखी गेलेच नाहीत.

सनद क्रमांक विचारा, महा/क्रमांक/वर्ष असा असतो. चिडला तर उठून या. मूळ कागद कोणाच्याही हातात देऊ नका. माझं वाटणीपत्र अजून त्याच्याकडे आहे, नोंदणीकृत होतं म्हणून दुय्यम निबंधकांकडून नक्कल तरी मिळाली. आणि बायांनो, बाईला मोफत विधी सेवा मिळते, उत्पन्नाची अट नाही, १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे, फोन १५१००. हे मला झेरॉक्सवाल्याच्या आधी कोणी का सांगितलं नाही?

आताच्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत पैशाचं नाव काढायच्या आधी वंशावळ काढायला लावली, आणि मी चुलत आत्याचं नाव विसरले म्हणून मला परत पाठवलं. खरेदीदारालाही प्रतिवादी करून दावा दाखल आहे, सीएनआर नंबर माझ्या फोनमध्ये आहे. फसवणुकीचा अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने गेलाय. पोचपावती आली, उत्तर नाही. आता मॅजिस्ट्रेटपुढे जायचं. त्याची फी वेगळी, ८,०००, पावतीसकट.