नमुन्याची पुडी खरी, पिशव्या भेसळीच्या

घरी विमान बांधणाऱ्यांनी मायक्रो विकत घेण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहितोय.

मायक्रो म्हणजे काचेचे पोकळ, अतिसूक्ष्म फुगे. इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेत कालवून त्यांची हलकी लांबी (पुट्टी) करायची, फायबरग्लासच्या कापडाची वीण बुजवायची आणि घासून पृष्ठभाग सपाट करायचा. विक्रेत्याने आधी नमुन्याची पुडी पाठवली. पाण्यात टाकली, तर सगळी पावडर वर तरंगत राहिली. मी निर्धास्त होऊन मोठ्या पिशव्या मागवल्या. त्यांवर कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, घनता नाही. साध्या कागदावर ‘मायक्रोबलून’ एवढंच छापलेलं. तिथेच थांबायला हवं होतं.

पहिली खूण कालवतानाच मिळाली. एक भाग इपॉक्सीत साधारण पाच भाग मायक्रो घातला की लांबी कोरडी होते, पट्टीवरून ओघळत नाही. माझी अडीच भागांतच घट्ट झाली. विक्रेत्याला विचारलं तर म्हणाला, ‘साहेब, बारीक ग्रेड आहे, कमी लागतो, तुमचाच फायदा.’ मला ते पटलं! सांध्यांच्या कोपऱ्यांतही हीच पावडर चालेल, असंही तो म्हणाला. नशीब, ते ऐकलं नाही. मायक्रोला ताकद नसते; भार घेणाऱ्या कोपऱ्यात फ्लॉक्स, म्हणजे कापसाचे बारीक तंतू घातलेली इपॉक्सीच भरायची.

खरी मायक्रो पॉलिश पेपरखाली भुरभुर निघते. ही कडक होती, पेपर झिजत होता. तरीही मी दोन्ही एलेव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या फळ्या, घासून पुरे केले, रंगवले आणि तोल बघायला बिजागरीवर टांगले. मागची कड धपकन खाली गेली. तोल साधायला बिजागरीपुढे बसवायचं, नकाशात दिलेलं शिसं कुठच्या कुठे अपुरं पडत होतं. बिजागरीमागे असं वजन वाढलं की वेगात एलेव्हेटर फडफडू लागण्याचा, म्हणजे फ्लटरचा धोका असतो, आणि त्यात शेपूट किंवा पंख तुटायला काही क्षण पुरतात. मी बराच वेळ तिथेच उभा होतो.

मग उरलेल्या पिशवीतली चमचाभर पावडर पाण्यात टाकली. थोडी तरंगली, बाकीचा पांढरा गाळ तळाशी बसला. गाळावर व्हिनेगर ओतलं तर फसफसला. खडूची भुकटी! पाण्याची घनता १ धरली तर खडूची २.७ च्या आसपास, इपॉक्सीची १.१, तर लांबीसाठी वापरतात त्या काचेच्या फुग्यांची त्याहून कितीतरी कमी. वजन हलकं ठेवण्यासाठी जे भरलं, त्यानेच वजन वाढवलं. विक्रेत्याने आधी भलत्याच मालाचं प्रमाणपत्र पाठवलं, नंतर फोन उचलणं बंद केलं.

लांबी खरवडताना खालचं कापड कापलं जायला लागलं, म्हणून दोन्ही एलेव्हेटर नव्याने बांधले. आता प्रत्येक पिशवीतून लिटरभर पावडर मोजून तोलतो. शंभर-दीडशे ग्रॅमच्या फार वर गेली तर वापरत नाही; पाण्याची चाचणीही प्रत्येक पिशवीची, नमुन्याची नाही.

परवा एका नव्या बांधणाऱ्याने त्याच विक्रेत्याकडून आलेली पुडी दाखवली. आम्ही ती पाण्यात टाकली. सगळी तरंगली.