मुंबई ते न्यूयॉर्क: थेट जावं की मध्ये विमान बदलावं?

मुंबई ते न्यूयॉर्कचं जेएफके विमानतळ हे सरळ अंतर सुमारे 12,550 किलोमीटर. लंडनमार्गे ते जेमतेम 200 किलोमीटरने वाढतं, दुबईमार्गे 400ने. म्हणजे विमानाच्या वेगाने अर्धा तासही नाही. त्यामुळे किलोमीटर मोजून निर्णय घेऊ नका. वेळ जातो तो जमिनीवर.

थेट विमानाला जाताना साधारण 16 तास लागतात. येताना एक-दीड तास कमी, कारण उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. पण सर्वांत जवळची रेषा पाकिस्तानवरून जाते आणि एप्रिल 2025 पासून ते आकाश भारतीय विमानांना बंद झालं. मग ओमानच्या बाजूने वळसा पडतो.

दुबईमार्गे मुंबई–दुबई सव्वातीन तास, पुढे सुमारे 14. लंडनमार्गे साडेनऊ-दहा आणि आठ. यात थांब्याचा वेळ जोडा: तीन तासांचा असेल तर एकूण 20-21 तास होतात. सव्वा तासाचा थांबा तिकिटावर दिसायला छान, पण पहिलं विमान 40 मिनिटं उशिरा आलं की सुरक्षा तपासणीच्या रांगेतच पुढचं सुटतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर पुढची सोय विमान कंपनी करते. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली, तर भुर्दंड तुमचा. वर बॅग घ्यायला बाहेर पडावं लागतं आणि त्यासाठी तिथला व्हिसा हवा.

अबू धाबीचा मार्ग थोडा वेगळा. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच उरकते आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. मात्र या तपासणीसाठी किमान तीन तासांचा थांबा धरा.

मुलांकडे निघालेल्या आई-बाबांसाठी भाड्यात बराच फरक असला तरी थेट विमानच घ्यावं. अनोळखी विमानतळावर गेट शोधण्याची दगदग वाचते. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. ज्यांना सलग बसून पाय सुजण्याचा त्रास आहे, त्यांना मात्र मधला थांबा बरा. तिथे पाय मोकळे होतात, आणि लंडनमार्गे प्रवासाचे जवळजवळ सारखे दोन तुकडेही पडतात. दुबईमार्गे तो फायदा नाही: 14 तासांचा टप्पा उरतोच.

येताना दिल्लीमार्गे मुंबईचं तिकीट असेल, तर बॅगा दिल्लीतच घेऊन कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात. त्यासाठीही तीन तास हवेत.

तारखेची चूक सर्रास होते. 10 तारखेचं रात्री 1चं विमान म्हणजे 9च्या रात्री नऊ-दहालाच विमानतळावर हजर. 16 तासांनी उतराल तेव्हा न्यूयॉर्कमध्ये 10चीच सकाळ असते: उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेसहा. तिथली घड्याळं मार्चमध्ये तासभर पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे जातात, म्हणून फरक साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा. घ्यायला येणाऱ्याला तिथली वेळ कळवा.