स्कूनरवरची नोकरी आणि म्हापशातलं ऑफिस

मे संपत आला की गोव्यातल्या दर्यावरच्या बोटी वर ओढल्या जातात. वॉटर स्पोर्ट्स बंद, डॉल्फिन दाखवणाऱ्या फेऱ्या बंद, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरची मासेमारीही बंद. पाण्यावर पोट असलेली आम्ही माणसं मग चवथ होईपर्यंत कुठे रंगकाम कर, कुठे कुणाच्या कुळागरात मजुरी कर, असे दिवस काढतो. आणि नेमके तेच चार महिने तिकडे भूमध्य समुद्रात हंगाम भरात असतो. ज्यांनी माझे ७४,५०० रुपये नेले त्यांना हे कॅलेंडर तोंडपाठ होतं.

जाहिरात मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर फिरायला लागली, आणि ती मराठीत होती. ग्रीसच्या बेटांमधून समर क्रूझ, दोन डोलकाठ्यांची लाकडी क्लासिक स्कूनर म्हणजे शिडाची बोट, डेकहँड म्हणजे डेकवरचे खलाशी पाहिजेत, महिना १,४०० युरो, खाणं-राहणं बोटीवर, पोहता आलं पाहिजे. खाली वास्कोचा पिनकोड आणि म्हापशाचा पत्ता. पिनकोड आणि पत्ता जुळत नाही हे मला नंतर एका पोस्टमनने दाखवलं. जाहिरातीतला पिनकोड कोण वाचतो?

‘ग्रीस काय, स्कूनर काय, तुला हसू नाही आलं?’ असं मला घाटावरच्या मित्राने विचारलं. त्याला गोवा माहीत नाही. इथे जहाजावर असलेला माणूस वाड्यागणिक एक तरी सापडतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, आणि तो पासपोर्ट हातात असलेली पोरं युरोपात व्हिसाशिवाय कामाला जातात. शिडाच्या बोटीचंही आम्हाला अप्रूप नाही. नौदलाच्या म्हादेई आणि तारिणी इथे दिवाडी बेटावरच्याच यार्डात बांधल्या गेल्या आणि जगाला वळसा घालून मांडवीत परत आल्या. शेजारचा मुलगा क्रोएशियात यॉटवर आहे म्हटल्यावर ग्रीसची स्कूनर म्हणजे काही परीकथा वाटत नाही. फसवणारे अशाच ठिकाणी दुकान मांडतात, जिथे खरा माल आधीच विकला जात असतो.

ऑफिस एका मोबाइलच्या दुकानाच्या वर होतं. मी गेलो तो शुक्रवार होता, खाली बाजाराची ही गर्दी, वर एसी. टेबलामागचा माणूस पस्तिशीचा, मराठी अस्खलित, घाटावरचं. भिंतीवर ग्रीसचा नकाशा, फ्रेममध्ये कसलासा सरकारी परवाना. ‘दादा, बसा. आपली पोरं हॉटेलात भांडी घासतात आणि बाहेरचे येऊन पुढे जातात, हे मला बघवत नाही,’ हे त्याचं पहिलं वाक्य. कोपऱ्यात एक मुलगा बसला होता, ‘सरांना थँक यू म्हणायला आलोय, माझा व्हिसा झाला’ म्हणणारा. तो मुलगा नंतर इतर तिघांनाही, वेगवेगळ्या दिवशी, त्याच खुर्चीत थँक यू म्हणताना दिसला होता.

मग त्याने माझी परीक्षा घेतली. ड्रॉवरमधून हातभर दोर काढून पुढे सरकवला आणि म्हणाला, ‘बोलाइन बांधून दाखवा.’ मोबाइलवर वेळ लावली. बोलाइन ही बोटीवरची रोजची गाठ, ताण आला तरी सरकत नाही, माझ्या हाताला डोळे मिटूनही जमते. बांधली. ‘वा! कॅप्टनला हेच पाहिजे.’ त्या एका परीक्षेने त्याचं निम्मं काम झालं, कारण परीक्षा घेतली म्हणजे नोकरी खरी, असं कुणालाही वाटेल. दोर मात्र नवाकोरा होता, दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. आणि गाठ सोडवायला तो शेंड्या ओढत बसला. बोलाइन पाठीवर दाबली की मोकळी होते, हे बोटीवर महिनाभर काढलेल्या पोरालाही ठाऊक असतं. शेवटी मीच सोडवून दिली.

त्या दिवशी नोंदणीचे ८,५०० गेले. पावती मिळाली, छापील, जीएसटी नंबरसकट.

पुढचे २४,००० ‘एसटीसीडब्ल्यू’साठी, म्हणजे नाविकांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसारच्या कोर्ससाठी. हे नाव खोटं नाही, आणि इथेच सगळी गोम आहे. जहाजावर जाणाऱ्याला एसटीसीडब्ल्यूचे मूलभूत सुरक्षा कोर्स लागतातच: समुद्रात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, स्वतःची आणि दुसऱ्याची सुरक्षितता, जहाजाच्या संरक्षणाची माहिती. माझ्याकडे नदीतल्या बोटीचा कागद होता, कॅप्टन ऑफ पोर्ट्सचा, म्हणजे गोव्याच्या बंदर खात्याचा, पण तो परदेशी समुद्रात चालत नाही हेही खरं. मला रीतसर कोर्स करायचा होता. तो म्हणाला, ‘आमचं टायअप आहे, ऑनलाइन होतं.’ पैसे भरल्यावर दोन-तीन व्हिडिओ आले आणि एक पीडीएफ सर्टिफिकेट. खऱ्या कोर्समध्ये तुम्हाला लाइफजॅकेट घालून पाण्यात उडी मारायला लावतात, उलटा तराफा सरळ करायला लावतात, प्रत्यक्ष पेटवलेल्या आगीवर पाइप धरायला लावतात. हे मोबाइलवर होणारच नाही. नौवहन महासंचालनालयाने, म्हणजे आपल्या डीजी शिपिंगने, मान्यता दिलेल्या संस्थांची यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे. तुमचा कोर्स त्या यादीतल्या संस्थेत, तुमच्या इंडॉस नंबरवर, म्हणजे नाविकाच्या सरकारी नोंदणी क्रमांकावर, नोंदलेला नसेल तर तो कागद पतंग करायच्या लायकीचा.

तिसरा हप्ता ४२,०००. व्हिसा, विमा आणि तिकीट. बायकोची साखळी पतसंस्थेत ठेवून आणले, याहून जास्त त्याबद्दल लिहीत नाही.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या, ती मला उशिरा दिसली असं नाही, ती दिसूच दिली गेली नाही. तपासता येईल असा प्रत्येक कागद पैसे गेल्यानंतरच हातात आला. नोंदणीच्या वेळी बोटीचं नाव ‘कॉन्फिडेन्शियल’. कोर्सच्या वेळी कॉन्ट्रॅक्ट ‘लीगलला गेलंय’. बोटीचं नाव, फोटो, नंबर, कॉन्ट्रॅक्ट, तिकीट, परवान्याची प्रत हे सगळं तिसरा हप्ता जमा झाल्यावर एकगठ्ठा आलं. त्याआधी काय तपासणार? माणसाचा चेहरा?

गठ्ठा आल्यावर मात्र सगळं भराभर उसवत गेलं, आणि ते कसं, हे जरा सविस्तर सांगतो. कारण यातलं काहीही करायला वकील लागत नाही.

पहिला फोटो. आमच्या बोटीवरच्या तांडेलमामांना कौतुकाने दाखवला. मामांनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, ‘बाबा, ही स्कूनर नव्हे. हिची पुढची काठी उंच आहे आणि मागची आखूड.’ दोन डोलकाठ्यांच्या स्कूनरमध्ये मागची काठी पुढचीपेक्षा उंच असते, फार तर दोन्ही सारख्या. पुढची उंच आणि मागची ठेंगणी असली तर ती केच किंवा तिच्या जातीतली दुसरी कुठली तरी. जो माणूस स्कूनरवर माणसं भरतो त्याला हे माहीत नसावं? मी फोन केला. ‘दादा, ती सिस्टर बोट आहे, ऑफिसच्या पोरीने चुकीचा फोटो टाकला.’

मामांचा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे, सुट्टीवर आला होता. त्याने कॉन्ट्रॅक्टवरचा आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, बघितला: ८७३४२१५. हा नंबर सात आकड्यांचा असतो आणि शेवटचा आकडा म्हणजे आधीच्या सहांचा पडताळा. पहिल्या आकड्याला ७ ने गुणायचं, दुसऱ्याला ६ ने, असं करत सहाव्याला २ ने, आणि बेरीज करायची. बेरजेचा शेवटचा आकडा आणि नंबरचा शेवटचा आकडा एकच आला पाहिजे. इथे ५६, ४२, १५, १६, ६ आणि २, बेरीज १३७. शेवटी ७ पाहिजे होता, छापला होता ५. म्हणजे असा नंबर जगात कुठल्याही जहाजाला असूच शकत नाही. लहान यॉटला आयएमओ नंबर नसतोही, त्यात गैर काही नाही. पण दिलाय तर तो खरा पाहिजे.

कॉन्ट्रॅक्टची मुदत १ जून ते ३० सप्टेंबर, १२२ दिवस. व्हिसा मात्र शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, तोही टुरिस्ट. त्या व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि पगारी काम करता येत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. मागच्या ५९ महिन्यांत दिलेले असतील तरच सूट. माझे ठसे कुणीच घेतले नव्हते. व्हिसाची फी प्रौढाला ९० युरो आहे, जून २०२४ पासून. ४२,००० चा हिशेब तिथेच कळला.

तिकिटावर पीएनआर होता, आणि एअरलाइनच्या साइटवर तो टाकला तर मोपा विमानतळाहून निघणाऱ्या फ्लाइटवर माझं नाव दिसत होतं. त्यामुळे घरच्यांचा विश्वास बसला होता. मामांच्या मुलाने विचारलं, ‘ई-तिकीट नंबर कुठे आहे?’ पैसे न भरता जागा काही काळ धरून ठेवता येते, तेव्हाही पीएनआर येतो. तिकीट खरोखर काढलं तरच १३ आकडी तिकीट नंबर येतो. माझ्या कागदावर ती जागा कोरी होती. थोड्याच दिवसांत पीएनआरही ‘सापडत नाही’ झाला.

पावतीवर कंपनीच्या नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ होतं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्याचे ३०. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं की तो कुणाचा आहे: कंपनीचा असेल तर ‘सी’, व्यक्तीचा असेल तर ‘पी’. पावतीवर सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्र, आणि पॅनमध्ये ‘पी’. कुणा बिचाऱ्या दुकानदाराचा नंबर उचलून छापलेला.

आणि भिंतीवरचा तो परवाना. भारतातून जहाजावर माणसं पाठवणाऱ्याला डीजी शिपिंगचं आरपीएसएल लायसन लागतं, २०१६ च्या भरती नियमांखाली. फ्रेममधला नंबर खरा निघाला, फक्त तो दुसऱ्याच कंपनीचा होता. मी वेबसाइटवरच्या यादीतला फोन नंबर लावला, फ्रेममधला नव्हे, हे महत्त्वाचं. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, आमची गोव्यात शाखाच नाही, असा फोन करणारे तुम्ही पहिले नाही.

याच सुमारास चौथी मागणी आली. ३५,०००, युनिफॉर्म आणि ‘किटी’साठी. किटी हा प्रकारही खरा आहे बरं का. हौशी लोक कुणाच्या खासगी बोटीवर फिरायला जातात तेव्हा खाण्यापिण्याचा आणि डिझेलचा खर्च वाटून घेतात. पण ते हौशी, ते पगार घेत नाहीत. तुम्हाला पगारावर ठेवणारा तुमच्याकडून किटी मागत असेल तर तो दोन वेगळ्या धंद्यांची भेळ करतोय. नाविकांसाठी २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, एमएलसी, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल नाविकाकडून फी घेता येत नाही. मेडिकल, सीडीसी म्हणजे नाविकाचं ओळखपुस्तक, पासपोर्ट हा खर्च तुमचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. मी हा नियम त्याला फोनवर वाचून दाखवला. ‘दादा, तुमचा ॲटिट्यूड बरोबर नाही, तुमची सीट मी दुसऱ्याला देतो,’ म्हणून त्याने फोन ठेवला. त्या संध्याकाळी ‘समर क्रू’ नावाच्या ग्रुपमधून मला काढलं गेलं. ऑफिसला गेलो तर कुलूप, खालचा मोबाइलवाला म्हणाला भाडं महिन्याचं होतं.

पैसे यूपीआयने गेले होते, कंपनीच्या नव्हे तर एका माणसाच्या बचत खात्यात. ‘करंट अकाउंटचं ऑडिट चालू आहे’ हे कारण. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली, नंतर सायबर पोलिसांकडे जबाब. तिसऱ्या हप्त्यातले ११,००० पुढच्या एका खात्यात पडून होते, ते गोठवले गेले. कोर्टाच्या आदेशानंतर परत मिळतील म्हणतात. बाकीचे अनेक खात्यांतून फिरून एटीएममधून काढलेले. १९३० वर जितक्या लवकर फोन जाईल तितकं जास्त अडकतं, पहिल्या काही तासांत सगळ्यात जास्त.

ग्रुपमधली वेंगुर्ले, मालवण, डिचोलीकडची मुलं मला अजून फोन करतात. काहींनी चारही हप्ते भरलेत. त्यातल्या निम्म्यांना तक्रार द्यायला लाज वाटते, लोक हसतील म्हणून. मला हे पटत नाही. हसणाऱ्यांपैकी किती जणांना स्कूनरची कुठली काठी उंच ते सांगता येईल?

ज्यांनी याच ऑफिसला पैसे दिलेत त्यांच्यासाठी एवढंच. ग्रुप आणि चॅट डिलीट करू नका. चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. बँकेच्या स्टेटमेंटमधले यूटीआर नंबर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक, वेगळे लिहून काढा. मूळ मोबाइल सोबत न्या. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली येतो, जुनं ४२०, आणि सोबत आयटी कायद्याचं ६६ड. ऑफिस म्हापशाला होतं म्हणून तिकडे जा, असं कुणी म्हणालं तर झीरो एफआयआर मागा, म्हणजे कुठल्याही पोलीस स्टेशनात देता येणारी फिर्याद. वेंगुर्ल्याच्या दोघांनी त्यांच्याच पोलीस स्टेशनात दिली, ती इकडे वर्ग झाली, आणि आता त्यांचे आणि माझे कागद एकाच फाइलमध्ये आहेत.