बाप्तिस्मा तारणासाठी लागतोच की ती नुसती खूण? दोन्हीकडे राहून आलेल्याचं मत

लहानपणी बाप्तिस्म्याचं, म्हणजे ख्रिस्ती होण्याच्या विधीचं, पाणी कपाळावर पडलं ते मला आठवायचा प्रश्नच नाही, एकविसाव्या वर्षी टाकीत बुडवलं ते मात्र चांगलं आठवतं, कुणाचा तरी पांढरा झगा अंगाला चिकटलेला आणि कानात गेलेलं पाणी दोन दिवस निघेना. म्हणजे 'लागतोच' म्हणणारे आणि 'नुसती खूण' म्हणणारे, दोन्हीकडचं पाणी बघून झालंय.

बायबलमधली वचनं तुम्हाला पाठच असतील. 'लागतोच'वाले योहान 3:5 (पाण्याने आणि आत्म्याने जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात जाता येत नाही) आणि कृत्ये 2:38 (पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या) काढतात, 'खूण'वाले इफिस 2:8 (तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने आणि विश्वासाने) आणि वधस्तंभावरचा चोर, ज्याला बाप्तिस्म्याशिवायच येशूने स्वर्गाचं वचन दिलं. चोराचं सोडा, त्याला खाली उतरवून बाप्तिस्मा देणार कोण होतं? मला कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याचा मुद्दा जास्त जड वाटतो. कृत्ये 10 मध्ये त्याच्यावर पवित्र आत्मा आधी येतो, पाणी नंतर. पण येशूचा शिष्य पेत्र 'झालं की सगळं, आता कशाला' म्हणून उठून जात नाही, लगेच बाप्तिस्मा द्यायला सांगतो, हेही बघा. मार्क 16:16 वर (विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेईल त्याचं तारण होईल) मात्र भांडू नका, मार्कचा तो शेवट सायनायटिकस आणि व्हॅटिकनस या बायबलच्या जुन्या हस्तलिखितांत नाहीच, आणि त्यातही शिक्षा विश्वास न ठेवणाऱ्याला आहे, बाप्तिस्मा न घेणाऱ्याला असं म्हटलेलं नाही.

'लागतोच'वाले वाटतात तितके कडक नाहीत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये बाप्तिस्मा ऐच्छिक म्हणणाऱ्याला सरळ शाप दिला हे खरं, पण 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या पुस्तकात परिच्छेद 1257 वाचा, देवाने तारण या संस्काराशी बांधलंय पण स्वतःला बांधून घेतलेलं नाही, असा त्याचा अर्थ. रोमी सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन 392 मध्ये बाप्तिस्म्याआधीच वारला तेव्हाही मिलानचा बिशप अँब्रोजने त्याच्या बहिणींना हाच धीर दिला होता, की त्याने मागितला होता ना, मग मिळाला. मला आधी ही पळवाट वाटायची.

माझं गाडं अडलं ते दुसरीकडे. टाकीनंतर तीन-चार वर्षांनी माझा विश्वास पार ढेपाळला, पाळकांशी बोललो तर ते अगदी मायेने म्हणाले, "तेव्हा तुझा विश्वास खरा होता ना रे? नसेल तर परत घेऊ." परत! माझ्या हिशोबाने तिसऱ्यांदा. मग रात्र रात्र एकवीस वर्षांच्या पोराच्या मनात तेव्हा नेमकं काय होतं ते उकरत बसलो, आणि खरं सांगू का, अर्धं लक्ष पाणी किती गार आहे याच्याकडेच होतं. नुसती खूण म्हटली की ती खरी होती का हे तपासायचं काम जन्मभर आपल्याच गळ्यात. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन लूथर म्हणे मन खचलं की 'माझा बाप्तिस्मा झालाय' एवढंच धरून बसायचा, माझा विश्वास पक्का आहे वगैरे नाही. त्यात काय सोय आहे ते मला त्या रात्री कळलं.

आता सगळ्यांनाच असं होईल असं नाही, माझ्या ओळखीतले कित्येक जण खूण मानून अगदी निवांत आहेत, आणि पौलानेही 1 करिंथ 1:17 मध्ये मला बाप्तिस्मा द्यायला पाठवलं नाही असं लिहिलंच आहे. शंकेखोर स्वभाव नसेल तर तुम्हालाही ते जमेल. माझा आहे, म्हणून मी तिसरा घेतला नाही, पहिलाच धरून आहे.

आणि टाकीतच घ्यायचं ठरलं तर कपडे स्वतःचे न्या.