द्राक्षाचे दोन कंटेनर, केपचा वळसा आणि आमचा फॉरवर्डर

दिंडोरी तालुक्यातले आम्ही चार बागायतदार मिळून रॉटरडॅमला थॉमसन जातीची द्राक्षं पाठवतो. 2024 च्या फेब्रुवारीत दोन रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरचं काम न्हावा शेवा बंदरातल्या एका फॉरवर्डरकडे, म्हणजे माल जहाजाने पाठवायची व्यवस्था करणाऱ्याकडे, पहिल्यांदा दिलं. बरेच जण त्याचा अनुभव विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

भाड्याचा आकडा सांगायच्या आधीच तो म्हणाला, "भाऊ, जहाज सुएझमधून जाणार नाही. पंचवीस दिवस विसरा, चाळीस धरा." नोव्हेंबर 2023 पासून येमेनमधले हुथी बंडखोर सुएझच्या वाटेवरच्या तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करत होते, हे पेपरात वाचलं होतं. पण केप ऑफ गुड होपवरून आफ्रिकेला वळसा पडला की आपल्या घडाचं काय होतं, ते या माणसाने समजावलं. देठ सुकतो, मणी गळतात. त्याचं ऐकून पावसात सापडलेला एक प्लॉट निर्यातीतून काढला आणि लोकल बाजारात दिला. तेव्हा जिवावर आलं होतं. आज वाटतं, त्यानेच वाचवलं.

जहाजं वळशाने उशिरा परतत होती, त्यामुळे वेळापत्रकाचा भरवसा राहिला नव्हता. आमची तारीख दोनदा पुढे गेली. गाड्या बंदराबाहेर रांगेत असताना एका ट्रेलरचा जेनसेट (कंटेनरला वीज देणारा जनरेटर) बंद पडला. फॉरवर्डरने रात्री दीड वाजता मेकॅनिक पाठवला, स्वतःही आला. हे मी विसरणार नाही.

पुढे दर दोन दिवसांनी जहाज कुठे आहे त्याचा मेसेज. 38 व्या दिवशी माल उतरला. कंटेनरमधलं तापमान नोंदवणाऱ्या लॉगरचा आलेख उणे अर्धा ते शून्य अंशात सरळ होता, एक उंचवटा सोडून. तो समुद्रातला नव्हता, त्या रात्रीच्या रांगेतला होता. त्या कंटेनरला खरेदीदाराने थोडी कपात केली, दुसऱ्याला पूर्ण भाव मिळाला.

तक्रार आहे ती बिलाची. ठरलेल्या भाड्यावर युद्धजोखमीचा अधिभार नंतर लागला, शिवाय थांबलेल्या दिवसांचे रीफरच्या विजेचे पैसे. शिपिंग लाईनने लावले असतील, पण शक्यता आधी लिहून द्यायला हवी होती. चार घरांच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशोब त्यावर असतो.

पालघर जिल्ह्यात वाढवणला नव्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली. मोठी जहाजं येतील, चांगलंच आहे. पण बंदर कितीही खोल केलं तरी वळशाचे दिवस कमी होत नाहीत. तोवर खरं बोलणारा फॉरवर्डर हवा.

पाचपैकी चार. पुढचा हंगामही याच्याकडेच, फक्त अधिभारांची यादी लेखी घेऊन मगच गाडी भरणार.