कोटेशनखालची ती ओळ : खासगी ईमेल काही महिने वापरल्यावर

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या कोटेशनखाली तिची जाहिरात फुकटात झालीच आहे, आणखी इथे कशाला? युरोपातली आहे, मेल कूटबद्ध ठेवते (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही असे), जाहिराती दाखवत नाही, फुकटच्या खात्यात जागा बेताची. बाकी फीचर्स तुम्हाला ठाऊक असतीलच.

बेळगावात उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे, सगळं जॉब वर्क. एका गिऱ्हाइकाने ऑर्डरबरोबर करारावर सही घेतली की ड्रॉइंग बाहेर जाता कामा नये. पुतण्या बेंगलोरला आयटीत. तो म्हणाला, "काका, ड्रॉइंग जीमेलवर ठेवता आणि असल्या करारावर सह्या करता?" गूगलने जाहिरातींसाठी मेल चाळणं बंद करतो असं २०१७ सालीच जाहीर केलं होतं, हे मी त्याला ऐकवलं. त्यावर तो म्हणाला, चाळत नसतील, पण किल्ली त्यांच्याकडेच आहे ना? मग मी मुकाट्याने नवीन खातं उघडलं.

आता ती ओळ. फुकटच्या खात्यातून मेल पाठवला की सहीच्या खाली इंग्रजीत एक वाक्य आपोआप येतं: हे पत्र अमुक सुरक्षित ईमेलने पाठवलं आहे. सेटिंगमध्ये ते बंद करायला गेलं की पैसे भरा म्हणतात. हाताने पुसता येतं, तसं मी दर वेळी पुसतो. ऑफिसातली मुलगी पुसत नाही. जीएसटी नंबर, बँकेचा तपशील, डिलिव्हरीची मुदत, आणि त्याखाली माझ्या लेटरहेडवर दुसऱ्याच्या दुकानाची पाटी! शिरोली एमआयडीसीतल्या एका गिऱ्हाइकाने तर विचारलं, "मालक, एजन्सी घेतली काय ओ?"

एवढं सोडलं तर वापर सुखाचा होता. एक गोष्ट तर अपेक्षेबाहेरची निघाली. टूलिंग विकणाऱ्यांचे मेल उघडले की पूर्वी पाच-दहा मिनिटांत त्यांचा फोन यायचा: "सर, आमचं कॅटलॉग बघितलंत?" मला वाटायचं योगायोग. अशा मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक चित्र असतं, ते लोड झालं की पाठवणाऱ्याला कळतं. इथे बाहेरची चित्रं मी म्हणेपर्यंत उघडतच नाहीत. फोन थांबले. दुपारचं जेवण शांतपणे होतं, आणि नुसत्या एवढ्यासाठी मी पैसे भरायच्या बेतात आलो होतो.

तेवढ्यात कोर्टाचा निकाल आला. २९ एप्रिल २०२५ ला आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाने केंद्र सरकारला सांगितलं, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली प्रोटॉन मेल (अशीच एक कूटबद्ध मेलची सेवा, स्वित्झर्लंडची) बंद करण्याची कार्यवाही सुरू करा. एका डिझाइन कंपनीची तक्रार होती, तिच्या महिला कर्मचाऱ्याबद्दल अश्लील मेल आले होते, एआयने बनवलेल्या चित्रांसकट. त्याआधी २०२४ च्या फेब्रुवारीत चेन्नईच्या शाळांना बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या, तेव्हाही नाव प्रोटॉनचंच निघालं होतं.

माझी सेवा प्रोटॉन नव्हे. पण हे सांगणार कुणाला? लोकांच्या लेखी सगळे एकाच माळेचे मणी. त्या आठवड्यात माझ्या कोटेशनला पहिलं उत्तर आलं ते दराबद्दल नव्हतंच, फोनच आला: "हे खाली लिहिलंय ते बॉम्बवालं मेल न्हवं न्हवे?" तोवर ती ओळ नुसती खटकायची. त्या दिवसापासून ती धंद्याला नडायला लागली.

माझं मतही तिथे थोडं हललं. पुतण्याने सांगितलं तेवढं हे काही अभेद्य नाही. प्रोटॉननेच २०२१ मध्ये स्विस आदेशावरून एका फ्रेंच पर्यावरण कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे तो कुठल्या इंटरनेट जोडणीवरून येतो तो नंबर, नोंदवून दिला होता. मजकूर उघडता आला नाही, पण माणूस सापडला. म्हणजे चोराला यात लपता येतंच असं नाही आणि साध्या माणसाला उगाच संशय चिकटतो. प्रोटॉनमध्ये पत्राचा विषय एंड-टू-एंड कूटबद्ध (फक्त दोन टोकांनाच वाचता येईल असा) नसतो, जर्मनीच्या टुटा या मेल सेवेत असतो. हे वाचल्यापासून मी विषयात पार्टचं नाव लिहीत नाही, फक्त जॉब नंबर.

आणि ड्रॉइंगचं काय? दोन्ही टोकांना एकच सेवा असेल तर पूर्ण कुलूप. गिऱ्हाईक जीमेलवर असेल तर त्याच्याकडची प्रत गूगलकडेच. त्यावर उपाय आहे: पत्राला पासवर्ड लावायचा, समोरच्याला लिंक जाते, पासवर्ड फोनवर सांगायचा. मी हौसेने केलं. गिऱ्हाइकाच्या स्टोअरवाल्याने लिंक व्हायरस समजून उडवली आणि "ड्रॉइंग अजून आलं नाही" म्हणून माझ्याच नावाने ओरड केली. शेवटी व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणाला. ज्या गिऱ्हाइकाने करारावर सही घेतली, त्याचाच हा माणूस!

जुने मेल शोधण्याबद्दल फार लिहीत नाही. मजकूर कंपनीलाच वाचता येत नाही म्हटल्यावर शोध आपल्या मशीनवरच चालणार, त्यासाठी आधी सगळे मेल उतरवून यादी बनते. ऑफिसचा जुना पीसी त्यात चहा होईपर्यंत अडकतो. सेंटरवर अर्ज भरताना ऑपरेटर पत्त्यापुढे सवयीने जीमेल डॉट कॉम टाकतो, मग ओटीपी कुठे गेला म्हणून मलाच विचारतो. ती वेगळीच कटकट.

पैसे भरून मोकळं का होत नाही, असं बायकोही विचारते. रक्कम मोठी नाही, प्रोटॉनचा प्लस हा पैशाचा प्लॅन घेतला तरी महिन्याला चार-पाच डॉलर, माझ्या कंपनीचाही आकडा त्याच घरातला. पण कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यायचा, वर बँकेचं चलन बदलण्याचं शुल्क, आणि हे सगळं कशासाठी? तर माझ्या पत्रावरून त्यांची पाटी काढण्यासाठी. जास्तीची जागा मिळते म्हणतात, ती मला नको आहे. पाटी काढायचे पैसे मी देणार नाही.

सध्याची वाटणी अशी: बँक, विमा, पोरांच्या कॉलेजचं नवीन खात्यावर. टूलिंगवाल्यांनाही तोच पत्ता दिलाय. कोटेशन आणि बिलं जीमेलवरून. कराराचं ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर, मी स्वतः नेऊन देतो. उघडणार असाल तर रिकव्हरीचे शब्द (खातं परत मिळवायला लागतात ते) कागदावर लिहून ठेवा. ते नसताना पासवर्ड विसरून नवा घेतला तर जुने मेल उघडत नाहीत, आणि कंपनीला फोन करून काही होत नाही. माझा कागद मशीनच्या वॉरंटी कार्डाबरोबर कपाटात आहे. तो कुठे आहे ते पुतण्याला ठाऊक आहे, ऑफिसातल्या मुलीला नाही. आधी तिने ती ओळ पुसायला शिकावं.