घराचा विमा: बाजारभाव की पुनर्बांधणीचा खर्च?

नाशिकला गंगापूर रोडवरील बंगल्याच्या बाजारभावात जमिनीचा वाटा मोठा असतो. आगीत किंवा गोदावरीच्या पुरात घर पडले तरी जमीन उरते, म्हणून बाजारभावाएवढा विमा उतरवल्यास हप्ता विनाकारण वाढतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्याचे उलटही होऊ शकते: विकताना भाव कमी, पण सागवानी आणि दगडी काम पुन्हा उभारणे फार महाग. त्यामुळे मला पुनर्बांधणीच्या खर्चाचाच आधार योग्य वाटतो. १ एप्रिल २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ या घराच्या प्रमाणित विमा पॉलिसीतही चटईक्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) गुणिले बांधकाम खर्चाचा दर हेच सूत्र आहे. १,००० चौरस फुटांना प्रति चौरस फूट २,००० रुपये दर धरल्यास विमा रक्कम २० लाख रुपये होते. हा दर स्थानिक कंत्राटदाराकडून लेखी घ्यावा.